मेंढ्यांच्या मुलखातला जुना बोअर

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वेचे ठाणे नव्हे. सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेली शेकडो, कधी हजारो चौरस किलोमीटर गवताळ जमीन आणि तिच्यावर मेंढ्या किंवा गुरे पाळण्याचा सारा कारभार, असा त्या शब्दाचा तिकडचा अर्थ. मालकाचे घर, लोकर कातरण्याची लांबलचक शेड, मजुरांच्या खोल्या, मैलोगणती तारेचे कुंपण आणि पाण्याची सोय एवढे मिळून स्टेशन होते. यातले घर आणि कातरणीची शेड वारसायादीत सहज जाऊन बसतात, कारण त्या वास्तू वारशासारख्या दिसतात. बोअरचे तसे नाही. जमिनीतून हातभर वर आलेला गंजका नळ, त्यावर एखादा जड व्हॉल्व्ह, भोवती क्षारांचे पांढरे-तांबूस थर आणि पुढे गेलेला पाट, एवढेच डोळ्यांना दिसते. बाकीचा बोअर जमिनीखाली असतो आणि कधीकधी तो हजार मीटरांहूनही खोल गेलेला असतो. त्याचे मोल ठरवणे अवघड जाते ते आधी या कारणाने. दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. ज्या वाहत्या पाण्यामुळे तो महत्त्वाचा ठरला, ते वाहते ठेवणे आज कोणालाच परवडणारे नाही.

बोअर येण्यापूर्वीचा हिशेब सोपा होता. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या, मधूनमधून डबकी. मेंढी पाण्यापासून काही किलोमीटरांच्या पलीकडे चरायला जात नाही. उन्हाळ्यात तर ती पाण्याला चिकटूनच राहते. त्यामुळे डार्लिंग, वॉरेगो, बार्कू अशा नद्यांच्या काठची गवते पार खरवडली जात आणि तिथून आत गेले की उभे गवत नुसते वाळून जाई. स्टेशनमालक बैल आणि घोडे लावून मातीचे तलाव खोदत, पण सलग दोन-तीन वर्षे पाऊस चुकला की त्या तलावांच्या तळाला भेगा पडत. कागदोपत्री मालकीची जमीन अफाट होती, उपयोगाची फार थोडी.

या मुलखाच्या खाली मात्र पाण्याचा प्रचंड साठा होता. ‘ग्रेट आर्टेशियन बेसिन’ नावाने ओळखले जाणारे हे भूजलखोरे सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे, म्हणजे ऑस्ट्रेलिया खंडाचा पाचवा हिस्सा आणि वर थोडे. क्वीन्सलंडचा मोठा भाग, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या पोटात ते आहे. साठ्याचा अंदाज ६५ हजार घन किलोमीटरच्या आसपास केला जातो. ज्युरासिक आणि क्रिटेशस काळातले सच्छिद्र वालुकाश्म पूर्वेकडे डोंगररांगेच्या उतारांवर उघडे पडलेले आहेत. तिथे पडलेला पाऊस त्यांत मुरतो आणि वर्षाला एक ते पाच मीटर अशा गतीने पश्चिमेकडे, नैर्ऋत्येकडे सरकतो. वालुकाश्मांवर चिखलखडकांचे जाड आवरण आहे. त्याने पाणी वरून दाबून ठेवले आहे. पाणी मुरते उंचावर आणि अडकून पडते खोलात, म्हणून आवरणाला कुठेही भोक पाडले की ते आपल्या दाबाने वर चढते आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या वर उसळते. पंप लागत नाही; अशा पाण्यालाच आर्टेशियन म्हणतात. खोलातून आलेले पाणी गरमही असते. तापमान ३० अंशांपासून जवळजवळ उकळीपर्यंत जाते. खोऱ्याच्या पश्चिम कडेला निघणारे काही पाणी दहा लाख वर्षांहून जुने आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला बोअर नवा नाही, पण त्याच्या ओळखीचा बोअर वेगळ्या जातीचा आहे. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी असते ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. ते कुठे लागेल याचा नेम नसतो, आणि लागले तरी मोटार टाकूनच वर काढावे लागते. पाणाड्या नारळ घेऊन शेतभर फिरतो तो या अनिश्चिततेमुळे. पाणाडे ऑस्ट्रेलियातही होते, हातात बेचक्याची काठी घेऊन. पण आर्टेशियन खोऱ्यावर जागेचा प्रश्न दुय्यम होता. पाणी जवळपास सगळीकडेच होते. किती खोल जावे लागेल आणि तोवर पैसा टिकेल का, हा खरा प्रश्न होता.

हे पाणी वसाहतवाल्यांनी ‘शोधले’ असे जुन्या पुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. खोऱ्याच्या कडेकडेने शेकडो नैसर्गिक झरे आहेत, काहींच्या भोवती क्षार आणि माती साचून चक्क टेकाडे झाली आहेत. आदिवासी समाजांना हे झरे हजारो वर्षे ठाऊक होते. त्यांच्या वाटा, त्यांचा व्यापार आणि त्यांच्या पुराणकथा या झऱ्यांना धरून होत्या. साउथ ऑस्ट्रेलियातली तारायंत्राची लाइन आणि जुनी घान रेल्वे आखली गेली तीही बऱ्याच अंशी झऱ्यांच्या रांगेवरून. पहिला बोअर झाला तोही झऱ्यांच्याच परिसरात. न्यू साउथ वेल्समध्ये बर्कच्या नैर्ऋत्येला कलारा नावाचे स्टेशन आहे. तिथे १८७८ मध्ये घेतलेल्या उथळ बोअरमधून पाणी आपोआप वर आले. खोली जेमतेम पन्नासएक मीटर होती. या कामाला यंत्रविद्येचा पराक्रम म्हणता येणार नाही, पण त्याने एक गोष्ट सिद्ध झाली. झरा हा जमिनीखालच्या दाबाचा नुसता पुरावा आहे, आणि तो दाब माणसाला हव्या त्या जागी मोकळा करता येतो.

खोल बोअरची गोष्ट क्वीन्सलंडमध्ये घडली आणि तिचे एक टोक कॅनडात आहे. सायमन फ्रेझर हा नोव्हा स्कोशियात जन्मलेला, ऑस्ट्रेलियात कंत्राटे घेऊन श्रीमंत झालेला गृहस्थ. मेंढ्यांच्या धंद्यात त्याची भागीदारी होती आणि कनमल्लाजवळचे थरुलगूना स्टेशन त्या भागीदारीकडे होते. कॅनडातले तेलविहिरी खोदण्याचे तंत्र त्याने पाण्यासाठी आणवले आणि तिथलेच कारागीर बोलावले. १८८६ मध्ये थरुलगूनावर सुरू झालेल्या या खोदाईने क्वीन्सलंडमधल्या आर्टेशियन पाण्याचा मार्ग खुला केला. (पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले माल्कम फ्रेझर हे या सायमनचे नातू.) सरकारने ब्लॅकॉलला १८८५ मध्येच खोदाई सुरू केली होती, पण ती रखडली. पाणी आधी लागले बार्काल्डिनला, १८८७ च्या अखेरीस. सरकारी भूवैज्ञानिक रॉबर्ट लोगन जॅक यांनी या भागात दाबाखालचे पाणी असणार असे अनुमान खडकांच्या अभ्यासावरून मांडले होते, ते खरे ठरले.

कलारा पहिला, थरुलगूना पहिला, बार्काल्डिनही पहिला. प्रत्येकाच्या ‘पहिले’पणाला एकेक विशेषण जोडलेले आहे. उथळांतला पहिला, खोल खोदाईतला पहिला, यशस्वी सरकारी बोअरांतला पहिला. वारसायादीच्या अर्जांना हा शब्द फार प्रिय असतो. पण बोअरच्या बाबतीत तो सर्वांत कमकुवत दावा म्हणावा लागेल. मुलूख बदलला तो पुढच्या तीस वर्षांत निनावी स्टेशनांवर मारलेल्या शेकडो साध्या बोअरांमुळे, आणि त्यांतला एखादा धड अवस्थेत उरला असेल तर त्याची साक्ष ‘पहिल्या’पेक्षा कमी मोलाची नाही.

खोदाईचे काम आपल्याकडच्या आजच्या बोअरसारखे काही तासांचे नव्हते. आधी साठ-सत्तर फूट उंचीचा लाकडी मनोरा उभारायचा, शेजारी बॉयलर आणि वाफेचे इंजिन. इंजिनाला जोडलेली जाड तुळई ढेंकीसारखी वरखाली होई आणि तिच्या टोकाला लोंबणारी कित्येक मणांची पोलादी छिन्नी उचलून-आपटून खडक फोडी. थोडा चुरा झाला की छिन्नी बाहेर, तळाशी झडप असलेले लांब नळकांडे आत, चुरा वर, पुन्हा छिन्नी. भोक ढासळू नये म्हणून मागोमाग लोखंडी केसिंग उतरवायचे. खोली वाढेल तशी आतली नळी बारीक होत जाई, दुर्बिणीच्या नळ्यांसारखी. हत्यार आत तुटून पडले की ते ‘मासेमारी’ करून काढण्यात आठवडे जात. तो शब्द तिथल्या कामगारांचाच. एकेका बोअरला महिने लागत, कधी वर्षावर वर्षे. बॉयलरला जळण म्हणून भोवतालची झाडे तुटत. केसिंगचे नळ, इंजिनाचे भाग आणि आटा-चहा शेकडो किलोमीटरांवरून बैलगाड्यांनी किंवा उंटांवर येई. ते उंटवाले सरसकट ‘अफगाण’ म्हणून ओळखले जात, जरी त्यांतले पुष्कळसे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सिंध, पंजाब आणि बलुचिस्तानातले होते. जुन्या बोअरपाशी मनोऱ्याच्या पायाची कुजकी लाकडे, बॉयलरची राख, चुऱ्याचा करडा ढीग असे काही सापडले तर ते नळाइतकेच महत्त्वाचे असते. नळ काय झाले ते सांगतो आणि हा केरकचरा कसे झाले ते.

पाणी लागल्यावरचे दृश्य मात्र आजही काही ठिकाणी पाहता येते. उघड्या नळातून पाणी छत्रीसारखे उसळते. पहाटेच्या थंडीत त्यावर वाफेचा पडदा असतो आणि सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास वाऱ्याबरोबर दूरवर येतो. तोंडाशी पाणी इतके तापलेले असते की गुरे जवळ येत नाहीत. पुढे पाटात हिरव्या-तपकिरी शेवाळाचे पापुद्रे दिसू लागतात आणि आणखी पुढे, पाणी निवले की, मेंढ्यांच्या खुरांनी काठ तुडवलेला असतो. पाट मातीचेच असत, कधी दहा-वीस, कधी त्याहून जास्त किलोमीटर लांब. बोअर शक्यतो उंचवट्यावर मारायचा तो याचसाठी, म्हणजे पाणी उताराने स्टेशनभर फिरवता येई. पाटात गाळ आणि लव्हाळा साचे. तो काढायला बैलांनी किंवा घोड्यांनी, पुढे ट्रॅक्टरने, नांगरासारखे पाचरीचे अवजार ओढत न्यावे लागे. हे काम दरवर्षीचे. शेतीला हे पाणी फारसे मानवले नाही. त्यातल्या सोड्याने भारी जमिनी चिकट आणि निकामी होतात. जनावरांना ते चालते आणि लोकर धुवायला तर उत्तम. ब्लॅकॉलची १९०८ पासून १९७८ पर्यंत चाललेली लोकरधुलाईची गिरणी बोअरच्या गरम पाण्यावर उभी होती. आज ती वारसास्थळ आहे. थार्गोमिंडा या छोट्या गावाने तर बोअरच्या दाबावर चाक फिरवून रस्त्यावरचे दिवे पेटवले.

१८९५ ते १९०३ च्या मोठ्या दुष्काळात बोअरांची परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांची संख्या १८९१ च्या सुमारास दहा कोटींच्या वर होती. दुष्काळ संपला तेव्हा ती जवळपास निम्मी उरली होती. यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत. बोअर नसते तर कित्येक स्टेशने साफ बुडाली असती. आणि बोअरमुळेच मेंढ्या अशा जमिनीवर गेल्या होत्या जिथे पाणी होते पण गवत टिकणारे नव्हते. तहान भागली तरी भूक उरतेच, हे त्या वर्षांनी दाखवले.

पाणी कुठून येते यावरच तेव्हा एकमत नव्हते. भूवैज्ञानिक जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी १९०६ च्या ‘द डेड हार्ट ऑफ ऑस्ट्रेलिया’ या पुस्तकात हे पाणी पावसाचे नसून पृथ्वीच्या पोटातल्या तप्त खडकांतून सुटलेले आहे, असे प्रतिपादन केले. एजवर्थ डेव्हिड आणि इतर भूवैज्ञानिकांनी ते खोडून काढले. हा वाद पुस्तकी नव्हता. पाऊसच मुरत असेल तर साठा भरत राहणार आणि खोलातून सुटलेले असेल तर तो एकदाच मिळालेला ठेवा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. गंमत अशी की ग्रेगरींचे उत्तर चुकले, पण त्यातली काळजी बरोबर होती. पाणी पावसाचेच होते, फक्त ते इतके सावकाश भरते की माणसाच्या हिशेबाने ते साठवलेलेच धरावे लागते.

१९१५ च्या आसपास सुमारे दीड हजार बोअरांतून दिवसाला दोन अब्ज लिटर पाणी बाहेर पडत होते. तिथून पुढे बोअर वाढत गेले आणि पाणी घटत गेले. दाब आधीपासूनच उतरत होता. धो धो वाहणारे नळ ठिबकू लागले, काही गप्प झाले. १९१२ मध्ये सिडनीला राज्याराज्यांची आर्टेशियन परिषद भरली ती या चिंतेतून, आणि पुढे तिच्या आणखी बैठका झाल्या. खरा गुन्हेगार पाट होता. मातीच्या पाटात सोडलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाफ होऊन आणि मुरून जाई. मेंढीच्या तोंडी लागे तो उरलेला अंश. पुष्कळ बोअरांना व्हॉल्व्ह बसवलेलाच नव्हता. होता तिथेही, एकदा बंद केला तर दाबाने केसिंग फुटेल किंवा भोक ढासळेल, या भीतीने कोणी हात लावत नसे. गरम, वायुमिश्रित पाण्याने केसिंग कुरतडले गेले की पाणी वर येण्याआधीच आडव्या थरांत पसरून जाई.

पाटांच्या काठाने आणखी एक गोष्ट रुजली आणि ती मराठी वाचकाच्या अगदी अंगणातली आहे. बाभूळ. सावली आणि शेंगांचा चारा मिळावा म्हणून हिंदुस्थानातली बाभूळ क्वीन्सलंडमध्ये नेली गेली आणि विसाव्या शतकात स्टेशनांवर पाटांच्या कडेने मुद्दाम लावली गेली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, बिया शेणातून दूरवर गेल्या आणि मिचेल गवताच्या उघड्या माळांवर काटेरी रान माजले. इकडे बांधावर शेळ्यांना पाला आणि नांगराला लाकूड देणारे हे झाड तिकडे राष्ट्रीय पातळीवरचे तण म्हणून नोंदलेले आहे. जुन्या पाटाच्या वारशात ही बाभूळ धरायची की नाही, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिच्या रांगेवरूनच बुजलेल्या पाटाची रेघ ओळखू येते.

१९९९ पासून २०१७ पर्यंत केंद्र आणि राज्य सरकारांनी स्टेशनमालकांबरोबर खर्च वाटून घेत मोठी मोहीम चालवली. सातशेहून अधिक बोअर ताब्यात आणले, हजारो किलोमीटर मातीचे पाट मोडीत काढून त्या जागी प्लास्टिकचे नळ, टाक्या आणि जनावरांचे हौद बसवले. काही भागांत दाब पुन्हा चढू लागला. पाण्याच्या दृष्टीने याहून शहाणपणाचे काम झाले नसेल. वारशाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक दुरुस्ती म्हणजे एक जुनी व्यवस्था पुसली जाणे होते. बोअर कायमचा बुजवताना तळापासून तोंडापर्यंत सिमेंट भरतात. त्यानंतर जुन्या केसिंगमधले काहीही परत पाहता येत नाही.

ऑस्ट्रेलियात वारशाचे मोल ठरवण्याचा पाया म्हणजे १९७९ मध्ये मांडलेली बरा सनद. बरा हे साउथ ऑस्ट्रेलियातले तांब्याच्या खाणीचे गाव. सौंदर्य, इतिहास, विज्ञान, समाज आणि अध्यात्म या अंगांनी जागेचा अर्थ तपासावा आणि आवश्यक तेवढाच, शक्य तितका कमी बदल करावा, असे ही सनद सांगते. क्वीन्सलंडच्या १९९२ च्या वारसा कायद्यात त्याच धर्तीचे निकष आहेत. बोअर यांतल्या इतिहास आणि विज्ञान या कसोट्यांना सहज उतरतो. सौंदर्याची कसोटी त्याला उगीच लावली जाते. विज्ञानाचे मोल बहुतेकांना वाटते त्याहून जास्त आहे. खोदताना दर काही फुटांवर कोणता थर लागला, पाणी कुठे आले, किती दाबाने, किती गरम, हे लिहिलेली नोंद असेल तर तो बोअर शंभर वर्षांपूर्वीच्या भूजलाचे मोजमाप होऊन बसतो. आजचा दाब कशाशी ताडून पाहायचा, तर त्याच आकड्यांशी. नोंद हरवलेला देखणा बोअर आणि नोंद शाबूत असलेला ओबडधोबड बोअर यांत निवड करायची झाली, तर दुसरा निवडावा.

सामाजिक मोल स्टेशनाच्या कुंपणाबाहेर अधिक स्पष्ट होते. न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावचा १८९५ चा बोअर शेतीसाठी घेतला होता. ते साधले नाही, पण गरम पाण्याचे स्नानगृह मात्र प्रसिद्ध झाले. त्या स्नानगृहात आणि तलावात आदिवासींना मज्जाव होता. १९६५ मध्ये आदिवासी नेते चार्ल्स पर्किन्स आणि सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी वंशभेदाविरुद्धची ‘फ्रीडम राइड’ ही बसयात्रा घेऊन आले तेव्हा तिथेच संघर्ष पेटला. हे ठिकाण २०१३ मध्ये राष्ट्रीय वारसायादीत आले ते पाण्याच्या गुणासाठी नव्हे, त्या पाण्यावर कोणाचा हक्क या प्रश्नासाठी. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. स्टेशनांवरचे बोअर असे गाजले नाहीत, पण तिथेही मेंढ्या राखणारे आणि कुंपणे ओढणारे हात पुष्कळदा आदिवासींचेच होते. बोअर वाहू लागले आणि दाब उतरत गेला, तसे त्यांचे झरे मात्र आटले. २००९ मध्ये क्वीन्सलंडचे एलिझाबेथ झरे आणि साउथ ऑस्ट्रेलियातले डॅलहौसी झरे राष्ट्रीय वारसायादीत गेले. एखाद्या बोअरचे वारसामूल्य लिहिताना जवळचा कोणता झरा गेला हे लिहिले नाही, तर ते टिपण मालकाच्या बाजूचे होते.

प्रत्यक्षात जतन होऊ शकते ते ठरावीकच. जुना बोअर सिमेंटने बुजवून शेजारी नवा घेता येतो. जुन्याचे तोंड, व्हॉल्व्ह आणि वरचे केसिंग जागेवर ठेवता येते. क्षारांचे थर खरवडून नळ चकचकीत करणे हा शुद्ध नाश आहे, कारण पाणी किती वर्षे आणि कसे वाहिले याचा दाखला त्याच थरांत असतो. पाटाचा एखादा तुकडा कोरडा राखता येतो, मात्र गुरांचा वावर चालू असेल तर काही पावसाळ्यांत त्याचे काठ सपाट होतात. नकाशे, छायाचित्रे, पाटाची मोजमापे आणि पाट साफ करण्याचे अवजार ओढलेल्या माणसांच्या आठवणी हे सगळे बुजवण्याच्या आधी घ्यावे लागते. नंतर घेतलेली नोंद अंदाजाची होते.

क्वीन्सलंडमध्ये प्रत्येक नोंदणीकृत बोअरला सरकारी क्रमांक असतो आणि तो बोअर बुजवल्यावरही दप्तरातून काढला जात नाही. शेताच्या कोपऱ्यात मग सिमेंटने भरलेला नळाचा खुंट तेवढा उरतो. त्याच्यापासून निघालेली कोरड्या पाटाची बारीक रेघ जमिनीवर उभे राहून सापडत नाही. विमानातून किंवा उपग्रहाच्या चित्रात मात्र ती किलोमीटरच्या किलोमीटर स्पष्ट दिसते, मधूनमधून बाभळीचे ठिपके घेऊन.